सांगून जाजो

विमलवहिनी गेल्याची बातमी मला नागपूरला कळली. चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. हळद आटोपून आम्ही सगळे अंगणात चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात भिलाईहून माझ्यासाठी फोन आला. पलीकडून वहिनींच्या यजमानांचे, वामनभाऊंचे, शेजारी बोलत होते. "भाभीजी नहीं रहीं," एवढंच म्हणाले. दुपारी जेवून आडव्या झाल्या होत्या, चहाच्या वेळेला उठल्याच नाहीत... मी रिसीव्हर खाली ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगूनच टाकतो, कारण वहिनींना तो ऐकून हसू आलं असतं. मनात आलं, पण मी तर सांगून आलो होतो! बाहेर सनई वाजत होती आणि मी फोनपाशी उभा राहून लहान मुलासारखा तेवढं एकच वाक्य घोळवत होतो.

आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो होतो. भिलाई सोडून कुठंही जायचं तर आधी तिथं जाऊन सांगायचं, हा आमचा जुना नेम. वहिनी पाटावर बसून मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत होत्या. "कवा येशील?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रविवारी. त्यांनी पदराला हात पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, खिडकीच्या फळीवरचा माझ्या नावाचा स्टीलचा गिलास उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "लग्नात चार गावचे लोक जमतेत. ओ ग्रुपवाला कोनी भेटला, अन् रक्त कोनाशीच जुळत नाही म्हणून डॉक्टरनं वापस पाठवला असंल, तं त्याचं नाव-गाव घेऊन येजो." मी म्हटलं, "वहिनी, पंगतीत लोकांना ब्लड ग्रुप विचारू?" "विचार नं! लोक पगार विचारतेत, त्याईले लाज वाटते का?" हे आमचं शेवटचं बोलणं. मी हसत हसत निघालो, आणि मागून नेहमीचा आवाज आला नाही म्हणून फाटकाशी थांबलो. मग आला. "सांगून जाजो रे बाबू, येजो तवाही सांगजो!"

विमलवहिनी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. त्या आर्वीकडच्या, मी वणीजवळच्या खेड्यातला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो आणि कॅम्प-१ या वस्तीत एका किराणा दुकानाच्या माडीवर खोली घेऊन राहू लागलो. सकाळ-संध्याकाळ भोंगा, ड्रॉइंग बोर्ड आणि खानावळीतली पिवळी डाळ असं ते आयुष्य होतं. एकदा ऑफिसात रक्तदानाचं शिबिर लागलं. अर्धा दिवस सुट्टी आणि वर केळी-बिस्किटं, म्हणून मी उत्साहानं आडवा झालो. समाजसेवेचा झटका वगैरे काही आला नव्हता. बाटलीवर ओ पॉझिटिव्ह असं लिहिलं गेलं. पण पुढं ती बाटली कोणत्याही रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहिली की बिनसायचं. ओ ग्रुपच्या माणसाशीही जुळेना! रक्तपेढीत एक बंगाली डॉक्टर होते, त्यांनी नमुना मुंबईला पाठवला. उत्तर येईपर्यंत त्या बाटलीची मुदत संपली, पण उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावून असा काही हात हातात घेतला, की मला वाटलं, लॉटरी लागली. "आप बॉम्बे ग्रुप हैं," ते म्हणाले. मी म्हटलं, "नहीं साब, मैं तो वणी का हूँ."

दुसऱ्याच दिवशी माडीचा जिना चढून एक बाई वर आल्या. रंगानं सावळ्या, पण चेहरा इतका फिका की ओठांचा रंगही उतरलेला. हातात तीनमजली डबा. मागे एक उंच, गप्प गृहस्थ, ते वामनभाऊ. बाई दारातच धापा टाकत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं मुलगी दाखवताना मुलाकडची म्हातारी पाहते. खाट पाहिली. कोपऱ्यातला स्टोव्ह पाहिला, मच्छरदाणी नाही हे पाहिलं. मग डबा पुढं करून म्हणाल्या, "हे खाऊन घे पहिले. मंग सांगतो कोन होय मी." डब्यात बाजरीची भाकर, लाल माठाची भाजी आणि शेंगदाण्या-गुळाचे लाडू होते. मी खाल्लं. त्या पाहत बसल्या. शेवटचा लाडू संपल्यावर म्हणाल्या, "आता ऐक. अख्ख्या भिलाईत तुह्यावाणी रक्त फक्त माहं आहे. अन् माह्यावाणी फक्त तुहं." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले. माझ्या हाताला अजून गूळ चिकटलेला होता.

त्याचा अर्थ डॉक्टरसाहेबांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावला. रक्ताच्या पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक बारीक साखळ्या असतात. पेशीत एक एन्झाइम असतं, कारागीरच म्हणा, ते त्या साखळीच्या टोकाला आणखी एक साखर जोडतं. ही झाली खुंटी. ए ग्रुपवाल्याच्या खुंटीवर एक टोपी, बी ग्रुपवाल्याच्या खुंटीवर दुसरी, आणि ओ ग्रुपवाल्याची खुंटी नुसतीच. "पर आप दोनों में खूँटी ही नहीं है," डॉक्टर म्हणाले. तो कारागीर घडवायची कृती ज्या जीनमध्ये असते, तो जीनच आमच्यात बिघडलेला. त्यामुळे साधी चाचणी आम्हाला ओ ठरवते, कारण टोप्या दिसत नाहीत. पण ओ चं रक्त दिलं की आमचं शरीर ती खुंटी पाहून बिथरतं, आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. हा प्रकार पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून नाव बॉम्बे. वहिनींनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "मुंबई तं मी पाह्यलीबी नाही. बिनखुंटीचे आहो म्हणा नं सरळ." त्या दिवसापासून मी बिनखुंट्या झालो. पुढं ऑफिसातल्या फोनवरसुद्धा त्या साहेबांना सांगायच्या, बिनखुंट्याला बोलवा.

वहिनींना हे सगळं माझ्या आधी कळलं होतं, आणि फार वाईट तऱ्हेनं. मंगला, त्यांची एकुलती एक मुलगी, तिच्या पाठीवर दुसऱ्यांदा दिवस राहिले असताना त्या माहेरी गेल्या होत्या, तिथं मूल पडलं आणि रक्तस्राव थांबेना. तालुक्याच्या ठिकाणी नेलं. कुणीही लावली असती तशी ओ ची बाटली लावली. थोडंसं रक्त आत जातं न जातं तोच अंगाला थरकाप सुटला, कमरेत सुरी फिरल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्या नर्सबाईनं नळी उपटून टाकली म्हणून वाचल्या. पुढं कळलं, की त्यांच्या दोन्ही भावांना खुंटी आहे. म्हणजे घरातलं कुणी उपयोगाचं नाही. आणि आता पोटात गाठ झाली होती. दर महिन्याला इतकं अंगावरून जायचं, की त्या भिंतीला धरून चालायच्या. ऑपरेशन करायचं तर रक्त हाताशी हवं, आणि रक्त नाही म्हणून ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही म्हणून असलेलं रक्त रोज थोडं थोडं वाहून चाललेलं... माझ्या खोलीचा जिना चढताना त्यांना धाप का लागली होती ते मला तेव्हा उमगलं. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो. माझ्या अंगात कुणाचा जीव आहे, ही कल्पना मला झेपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही चढला होता.

तो माज वहिनींनी फार दिवस टिकू दिला नाही. डॉक्टरांनी ठरवलं, की आधी गोळ्या-औषधांनी वहिनींचं हिमोग्लोबिन जरा वर आणायचं, मग माझं रक्त घेऊन ऑपरेशन करायचं. तेवढे महिने माझ्यावर पहारा बसला. रोज दुपारी भाऊंच्या शिफ्टमधला कुणी ना कुणी ड्रॉइंग ऑफिसात डबा आणून द्यायचा. लाल भाजी, मुनग्याचा पाला, बीट, गूळ. ऑफिसातले म्हणायचे, यार, ही बाई तुला बोकडासारखी पोसतेय. मी एक जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा तर कहर झाला. वहिनी संध्याकाळी सायकल रिक्षा करून कॅम्पात आल्या, मोटरसायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "हे कावून घेतली?" मी म्हटलं, "फिरायला." "फिराले पाय नाहीत तुले? हे पाह्य, लेका, घसरली तं रक्त सांडते. तुहं नाही सांडत ते, माहं सांडते." मी शेवटी ती गाडी विकली. ज्या किमतीला घेतली होती तेवढ्यातसुद्धा गेली नाही, पण वहिनी इतक्या खूश झाल्या, की त्यांनी पुरणपोळी केली. ती मी खाल्ली आणि सायकलवर टांग मारून घरी गेलो.

गिलासांची पद्धत याच दिवसांतली. मी एकदा कुणाला न सांगता गावी गेलो, आणि वहिनींना एकाएकी घेरी आली. भाऊ धावत कॅम्पात आले, तर माझ्या खोलीला कुलूप. वहिनींना काही झालं नाही, पण मी परत आलो तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं. फळीवरून दोन स्टीलचे गिलास काढले. एकावर 'सौ. विमल' असं नाव घातलेलं, लग्नातल्या आहेरातला. दुसऱ्यावर माझं नाव होतं. बाजारातल्या भांडेवाल्याकडून त्यांनी ते मुद्दाम घालून आणलं होतं. दोन्ही खिडकीच्या फळीवर मांडले. माणूस भिलाईत आहे तर गिलास सुलटा. गावाला गेला तर उलटा. वहिनींच्या क्वार्टरमध्ये तेव्हा फोन नव्हता. उद्या वहिनी पडल्या, तर शेजारच्या बाईनंसुद्धा खिडकीतून एक नजर टाकावी आणि तिला कळावं, कॅम्पाकडे पळायचं की तार करायची. मला त्यातलं शहाणपण पटलं. पुढं एकदा मी टूरवर जाणार असं भाऊंनी कुठूनसं ऐकलं आणि माझा गिलास उलटा करून टाकला. टूर रद्द झाली होती. मी संध्याकाळी तिथं हजर! वहिनींनी त्या दिवशी भाऊंना जे सुनावलं, ते आठवून भाऊ पुढं कितीतरी वर्षं कान चोळत. "सांगोवांगीवर गिलास उलटवाचा नाही," त्या म्हणाल्या. "ज्याले जायचं त्यानं सोता येऊन सांगाव. मंगच उलटवाचा." हाच कायदा झाला. पुढं वहिनी मंगलाच्या सासरी अमरावतीला जायच्या तेव्हा त्याही माझ्यासमोर आपला गिलास उलटा करायच्या आणि म्हणायच्या, "चालली रे मी. तोपर्यंत पडू-झडू नको."

ऑपरेशनची तारीख ठरली आणि त्या आठवड्यात मला मलेरिया झाला. थंडी वाजून दात वाजायला लागले तेव्हा मला स्वतःची नाही, वहिनींच्या तोंडाची भीती वाटली. पण त्या रागावल्या नाहीत. मच्छरदाणी घेऊन आल्या, खाटेला चार काठ्या बांधल्या, माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि मधूनमधून स्वतःच भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. मलेरिया झालेल्याचं रक्त तीन महिने घेत नाहीत. म्हणजे तीन महिने थांबायचं. वहिनी थांबल्या नाहीत, म्हणजे त्यांचं शरीर थांबलं नाही. महिन्याभरातच एका सकाळी भाऊ माझ्या दाराशी उभे होते. हॉस्पिटलात वहिनी पांढऱ्याफटक पडलेल्या, डोळे अर्धे उघडे. बंगाली डॉक्टरांनी माझ्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. काही सापडलं नाही, पण नक्की सांगताही येईना. धाकटे डॉक्टर कुरकुर करत होते. तेव्हा साहेब म्हणाले, "ब्लड में मलेरिया निकला तो गोली दे सकते हैं. ब्लड ही नहीं रहा तो क्या देंगे?" मी बाही वर केली. बाटली भरेपर्यंत भाऊ माझ्या उशाशी उभे होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. बाटली आत गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो, मी बिस्किटं खाल्ली, भाऊंनी खाल्ली नाहीत... दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. गाठ निघाली होती. शुद्धीवर आल्यावर वहिनींचं पहिलं वाक्य नर्सला होतं. "त्या पोराले जेवाले दिलं का?"

मला वाटलं होतं, काम झालं, आता डबे बंद होतील. डबे थोडे कमी झाले, पण पहारा उलट झाला. "आता माही पाळी," वहिनी म्हणायच्या. "तुले लागलं तं मी आहो नं." त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला जपलं ते माझ्यासाठी. दरवर्षी हिमोग्लोबिन तपासून घ्यायच्या आणि आकडा मला असा सांगायच्या, जशी आई मुलाचे मार्क सांगते. मला पुढं कधी रक्त लागलं नाही. लागू नये असंच कुणीही म्हणेल. पण वहिनींच्या मनात कुठंतरी एक रुखरुख होती. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, बाळंतपण झालं तेव्हा त्यांनी अगदी निराश होऊन विचारलं होतं, "हिचा ग्रुप साधाच आहे का रे?"

सुनंदा माझ्या घरात आली तीसुद्धा वहिनींमुळेच. ती दुर्गच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातली. पसंती झाली, बोलणी झाली, आणि एकाएकी तिच्या काकांचा निरोप आला, हे जमायचं नाही. कारण ऐकून मी डोक्याला हात लावला. सुनंदाचं घराणं आणि वहिनींचं माहेर एकाच आडनावाचं, दूरच्या भावकीतलं. आता मंडळाच्या गणपतीत कुणीतरी काकांना सांगितलं, की ढोबळेबाईंचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, आणि या मुलाचं रक्त एकच आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. काकांनी हिशेब मांडला. बाई आपल्या भावकीतली, मुलाचं रक्त बाईचं, म्हणजे मुलगा आपल्या भावकीतला. आणि भावकीत मुलगी देत नाहीत! वहिनी मला घेऊन दुर्गला गेल्या. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "भाऊजी, तुमचा ब्लड ग्रुप कोनता?" काका म्हणाले, बी पॉझिटिव्ह. "अन् काकूबाईचा?" आतून काकूंचा आवाज आला, त्यांचाही बी पॉझिटिव्ह. वहिनी अगदी गरिबासारख्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "मंग तुमी दोघं बहीण-भाऊ हो का जी?" आतून काकू इतक्या मोठ्यानं हसल्या, की काकांना नंतर नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. लग्नात वहिनी माझ्याकडच्या करवली होत्या. सुनंदा अजूनही म्हणते, माझ्या नवऱ्याला माझ्याआधी त्यांनी पाहून ठेवलं होतं.

वहिनींना साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा रक्तपेढीत नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं, की आता तुमचं रक्त घेता येणार नाही. इतक्या वर्षांत मी वहिनींना ऑपरेशनच्या वेळीसुद्धा असं खचलेलं पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर फळीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग शरदचं काय?" मी म्हटलं, "वहिनी, मी धडधाकट आहे." "धडधाकट तं मोटरसायकलवालाबी असते." आणि त्या कामाला लागल्या. सेक्टरमध्ये, रिसालीत, कुठंही रक्तदानाचं शिबिर असलं की वहिनी तिथं हजर. टेबलाजवळ खुर्ची टाकून बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत द्यायच्या आणि प्रत्येकाला विचारायच्या, "ओ है क्या बेटा? कभी किसी से मैच नहीं हुआ, ऐसा हुआ क्या?" रक्तपेढीतली पोरं त्यांना बॉम्बेवाली अम्मा म्हणायची. तरणी पोरं घाबरून जायची, काही चिडायची. मला लाज वाटायची. माझ्या आईनंसुद्धा माझ्यासाठी असं दारोदार काही मागितलं नसेल. कुणी सापडलं नाही. पण त्या शोधत राहिल्या.

गेल्या वर्षी ते निवृत्त बंगाली डॉक्टर कलकत्त्याहून काही कामानं भिलाईत आले होते. वहिनींनी त्यांना जेवायला बोलावलं. जेवताना ते म्हणाले, की तो जीन आता शास्त्रज्ञांना सापडलाय, आणि त्यातला बिघाडही. लांबलचक मजकुरात एखादंच अक्षर चुकावं, तशी चूक. तेवढ्यानं कारागीर निकामी. "सापडला तं दुरुस्त करून देतेत का म्हणा," वहिनींनी मला विचारायला सांगितलं. डॉक्टर हसले, म्हणाले, ते अजून दूर आहे. मग म्हणाले, तुम्ही दोघं एकाच मुलखातले. दोघांत तीच चूक असेल तर ती दोघांनी वेगवेगळी केलेली नसणार. फार फार पिढ्यांमागं कुणीतरी एक पूर्वज असेल, त्याच्याकडून दोन्ही घरांत उतरली असेल. मी हे वहिनींना मराठीत सांगितलं. त्यांचा हात पोळी वाढता वाढता थांबला. आधी त्या हसल्या. "म्हणजे दुर्गवाले भाऊजी बरोबरच होते की रे!" आणि मग एकदम डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे तू माह्या माहेरचाच होय." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि ती मी नको म्हणत असताना पूर्ण संपवायला लावली. इतकी वर्षं आम्ही जे मानत आलो होतो ते असं सिद्ध होईल, असं मला वाटलं नव्हतं. मला फार आनंद झाला.

आता हे सगळं संपलं. मी नागपूरहून पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. अंत्यविधी, दहावा, तेरावा, सगळ्याला मी होतो, पण स्वयंपाकघरात काही गेलो नाही. बायका होत्या, मंगला होती, आणि माझी हिंमतही होत नव्हती. मंगला अमरावतीला परतल्यावर गेल्या रविवारी मी गेलो. भाऊ एकटेच होते. त्यांनी स्वतः चहा टाकला. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो आणि फळीकडे पाहिलं. माझा गिलास उलटाच होता. इतके दिवस मी रोज या घरात येत होतो, पण आलो असं येऊन सांगितलं नव्हतं. मंगलानंही हात लावला नव्हता. त्या खिडकीच्या लेखी मी अजून नागपुरातच होतो.

"भाऊ," मी म्हटलं, "आलो मी."

भाऊंनी चहाचं पातेलं खाली उतरवलं, हात पुसले, जसे त्या पुसायच्या तसेच, आणि माझा गिलास सुलटा केला. शेजारी 'सौ. विमल' नावाचा गिलास होता. तोही सुलटा. स्वच्छ घासलेला, रोज घासत असावेत. मला राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "हा...?"

भाऊंनी तो फळीवर जरा माझ्या गिलासाजवळ सरकवला. आयुष्यभर त्यांच्या तोंडून मी चार वाक्यं सलग ऐकली नव्हती.

"राहू दे," ते म्हणाले. "ती कुठं सांगून गेली?"